पाचवीच्या वर्गाकडून कॅनन बसवून घ्यायचाय, पण आमचं गाणं मोडायलंय

औसा_जिप_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. पाचवीत ३१ लेकरं. संगीताचा वेगळा शिक्षक नाही. एक पेटी आहे, ती मीच बडवतो.

मागच्या महिन्यात प्रशिक्षणात एका मॅडमनी आम्हा शिक्षकांचे चार गट केले आणि ‘फ्रेर जाक’ हे फ्रेंच बालगीत शिकवलं. पहिल्या गटाची एक ओळ झाली की दुसऱ्या गटानं सुरुवातीपासून उठायचं, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. गाणं एकच, पण एका वेळी चौघं चार ठिकाणी. मला वाटलं, आता आठवडी बाजार भरणार. तर उलटंच झालं. सगळं एकात एक असं बसलं की माझ्या शेजारचे निवृत्तीला आलेले सर गायचं सोडून नुसते ऐकत उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, ह्याला राउंड म्हणतात, हा कॅननचा, म्हणजे एकच चाल मागंपुढं उठून एकदम गायच्या गाण्याचा, सगळ्यात सोपा प्रकार.

शाळेत आल्या आल्या हाच प्रयोग आमच्या प्रार्थनेवर केला. चाल यमन रागाच्या वळणाची. दोनच गट केले. पहिल्या ओळीतच असं वाटलं की दोन वराती समोरासमोर आल्या आणि कोणताच बँडवाला थांबायला तयार नाही. दुसरी अडचण म्हणजे दुसरा गट दोन-चार शब्दांत पहिल्या गटाच्या चालीत ओढला जातो, आणि मग सगळे एकच गातात.

तर विचारायचं हे, की त्या फ्रेंच गाण्यात असं काय आहे जे आमच्या प्रार्थनेत नाही? हा नुसता लेकरांचा खेळ आहे की मोठ्या संगीतातही हे चालतं? आणि जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, तोवर मराठीत असं काही बसवता येईल का?

गंगाखेड_टाळकरी

गुरुजी, आमच्याकडं हे दर वर्षी वारीत होतं. विणेकरी पुढं, शेवटचा टाळकरी शंभर पावलं मागं. पुढं चरण संपलेलं असतं, मागं अजून चालूच. त्याला आम्ही कॅनन म्हणत नाही. दिंडी लांबली म्हणतो, आन चोपदार वरडतो.

पेटीवाला_अंबाजोगाई

गुरुजी, पेटीदुरुस्ती हा माझा धंदा. बसायला अंबाजोगाईत, पण भाते शिवायला आणि सूर घासायला बीड, परळी, लातूर, पार जालन्यापर्यंत फिरतो. पाश्चात्त्य संगीत मी कुठं शिकलो नाही. जे थोडं कळतं ते एका पायपेटीमुळं.

पंधराएक वर्षं झाली असतील. एका चर्चमधली जुनी पायपेटी माझ्याकडं आली होती. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लेलं, सुरांवर गंज. तीन आठवडे लागले. पोचवायला गेलो तर ती वाजवणाऱ्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, म्हणाल्या, “थांबा भाऊ, वाजवून बघू द्या.” त्यांनी उजव्या हातानं एक साधी चाल सुरू केली. एक ओळ झाली आणि डावा हात तीच चाल पहिल्यापासून वाजवायला लागला. उजवा पुढं, डावा मागं. मी म्हटलं, “बाई, आम्ही गवयाच्या मागं पेटी धरतो तसं हे.” तर म्हणाल्या, “तसंच. फक्त इथं मागच्याला सोडायला एक सूरसुद्धा नाही.”

साथीच्या पेटीत आणि कॅननमध्ये फरक तो एवढाच, पण लई मोठा. ख्यालाला साथ करताना मी गवयाच्या अर्धी मात्रा मागं असतो. त्याची तान मला पुरी झेपली नाही तर मी आधाराचा सूर धरून बसतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. कॅननमध्ये मागच्यानं पुढच्याचं सूर अन् सूर, लयीसकट तसंच्या तसं म्हणायचं असतं. आणि त्याहून अवघड म्हणजे पुढचा आत्ता जे म्हणतोय ते, मागचा त्याच वेळी त्याचं जे आधीचं म्हणतोय त्याच्याशी जुळलं पाहिजे. टाळकरीबुवा, म्हणून तुमची दिंडी कॅनन नाही. तिथं मागं पडणं हा अपघात, इथं तो ठरवून केलेला नियम. ‘कॅनन’ ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच नियम. पूर्वी अशा गाण्याला लॅटिनमध्ये फूगा म्हणायचे, म्हणजे पळापळ, आणि एका ओळीतून बाकीच्यांनी कसं गायचं ह्याची जी सूचना वर लिहिलेली असायची तिला कॅनन. पुढं सूचनेचं नाव गाण्याला चिकटलं.

आता फ्रेर जाक. पेटी घ्या (प़ म्हणजे खालच्या सप्तकातला प, – म्हणजे आधीचा सूर धरून ठेवायचा):

सा रे ग सा
ग म प –
पध पम ग सा
सा प़ सा –

प्रत्येक ओळ चार मात्रांची, प्रत्येक दोनदा. आता ही आडवी वाचू नका, पेपरातल्या शब्दकोड्यासारखी उभी वाचा. चारही गट आत आले की पहिल्या मात्रेवर काय वाजतंय? सा, ग, प, सा. तिसऱ्या मात्रेवर ग, प, ग, सा. पुन्हा तेच घर. आणि मधल्या दुसऱ्या मात्रेवर रे आहे, म आहे, प आहे. पेटीवर सा-ग-प दाबा, मग खालच्या प सोबत रे-म दाबा, मग परत सा-ग-प. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि लगेच आत घेतला, असं वाटतं का नाही? सगळं गाणं एवढंच करतंय. कॅनन लिहिणारा चाल रचत नसतो, तो शब्दकोडं रचत असतो. आडवे शब्दही अर्थाचे हवेत आणि उभेही.

तुमची प्रार्थना इथंच मोडली. यमनात नि आणि सा शेजारी, तीव्र म आणि प शेजारी. एक गट सा वर थांबलाय आणि दुसरा नि वर थांबलाय, म्हणजे भांडण. पेटीवर नि-सा एकदम दाबून धरा, सूर कसे थरथरतात ते कानाला कळंल. शिवाय आपल्या चाली बहुतेक मधल्याच मात्रेवरून उठतात, मुखडा चालत चालत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. दुसरा गट एक ओळ मागून उठला की एकाची सम दुसऱ्याच्या खालीवर कुठंतरी पडते. ह्यात लेकरांची चूक नाही, तुमचीबी नाही. ती चाल एकट्यानं चालायची आहे.

आमच्या संगीतात हे आलं नाही त्याचं कारण मला तरी असं वाटतं, की आपल्याला मींड प्यारी. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायचं, रेंगाळायचं, आज एक जागा घ्यायची, उद्या दुसरी. कॅननला हे परवडत नाही. तिथं पुढच्यानं आज रेंगाळायचं ठरवलं तर मागच्या तिघांना आज तेवढंच रेंगाळावं लागंल.

उपाय आहे, पण आत्ता एक गिऱ्हाईक दारात उभं आहे. रात्री लिहितो.

साउंडवाला_नांदेड

पेटीवाले काका, लई भारी. मी साउंडचं काम करतो, सप्ताह, सभा, लग्न. तुमचं वाचून हसू आलं, कारण मी आयुष्यभर कॅनन मारायचंच काम करतोय.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या सभेला स्टेजपासून १०० मीटरवर मागचा टॉवर असंल तर त्याच्या स्पीकरमधून आवाज वायरीनं लगेच निघतो, पण स्टेजवरचा आवाज हवेतून तिथं ०.३ सेकंद उशिरा पोचतो. मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून आम्ही मागच्या टॉवरला तेवढा डिले लावतो. सप्ताहात मात्र डिले कुठला आलाय! एक भोंगा देवळाच्या शिखरावर, एक वेशीत, एक पारावर. मधल्या गल्लीत उभं राहिलं की महाराज तीन, कीर्तन एक.

ह्याच चुकीतून एका अमेरिकन माणसानं संगीत काढलं, यूट्यूबवर सापडलं होतं. स्टीव्ह राइश. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात एक धर्मोपदेशक नोहाच्या महापुराची गोष्ट सांगत होता, ते राइशनं टेप केलं. त्यातला पाऊस येणार असल्याचा एक तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर एकदम लावला. मशिनी थोड्या मागंपुढं होत गेल्या आणि त्याच्या लक्षात आलं, हा तर कॅननच आहे, फक्त अंतर सरकत जाणारा. ते १९६५ चं काम. पाऊस येणार, पाऊस येणार, तासलेलं लाकूड निघावं तसे शब्दाचे छिलके निघत जातात. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या २०१६ मधे मी ते ऐकलं होतं, म्हणून डोक्यात बसलं.

गुरुजी, त्याचंच १९७२ चं एक काम तुमच्या वर्गाला जमंल. नुसत्या टाळ्या. दोन जण १२ मात्रांचा एकच ठेका वाजवतात. एक जण शेवटपर्यंत तसाच राहतो, दुसरा काही आवर्तनं झाली की एक मात्रा पुढं सरकतो, मग अजून एक, असं करत बारा वेळा सरकून परत पहिल्याच्या जोडीला येतो. पेटी नको, सूर नको.

एक विचारायचं होतं. लग्नाच्या व्हिडिओत नवरी हॉलमध्ये येते तेव्हा एडिटिंगवाले जे व्हायोलिन टाकतात, फाइलचं नाव ‘कॅनन’ असतं, ते हेच का? मला वाटायचं कॅमेऱ्याच्या कंपनीचं म्युझिक आहे.

पेटीवाला_अंबाजोगाई

साउंडवाले, कॅमेऱ्याच्या कंपनीवरून पोट धरून हसलो. हो, तेच. योहान पाखेलबेल, जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचा रचनाकार, जन्म १६५३, गेला १७०६. मोठा जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख, त्याच्या थोरल्या भावाचा गुरू. गंमत म्हणजे हे गाणं पहिल्यांदा छापलं गेलं ते १९१९ मधे, आणि गाजलं ते १९६८ च्या एका फ्रेंच ध्वनिमुद्रणानंतर, झां-फ्रांस्वा पायार ह्यांच्या. म्हणजे नवरीच्या चालीला तीनशे वर्षांची परंपरा वगैरे काही नाही. कागद दोनशे वर्षं पडून होता.

रचना मात्र पेटीवर घेऊन बघण्यासारखी आहे. खाली खर्जात आठ सुरांचं आवर्तन:

सा प ध ग | म सा म प

प्रत्येक सूर एक मात्रा. हे आवर्तन शेवटपर्यंत २८ वेळा, एक सूर न बदलता. तबलजीला सोलोला आपण नगमा धरतो ना, तसंच. नगमा वाजवणाऱ्याला किती कंटाळा येतो ते मला विचारा. वर तीन व्हायोलिनं. पहिलं सुरू होतं:

ग रे सा नि | ध प ध नि

एक आवर्तन झालं की दुसरं व्हायोलिन हेच सुरू करतं, आणि पहिलं पुढं जातं:

सा नि ध प | म ग म रे

आता परत उभं वाचा. ग वर सा, रे वर नि, सा वर ध, नि वर प, शेवटपर्यंत प्रत्येक जोडीत मधला एक सूर सोडलेला. तिसऱ्या सुराचं अंतर, कानाला गोड. आणि खालचा खर्ज प्रत्येक जोडीला जो सूर पाहिजे तोच देतो. सा खाली आहे तेव्हा वर ग आणि सा, प खाली आहे तेव्हा वर रे आणि नि. एकदा ह्या आठ सुरांवर चालंल असं काहीबी लिहा, ते आधीच्याशी आणि नंतरच्याशी आपोआप जुळतं, कारण सगळ्यांचा पाया एकच. पाखेलबेलनं हे ओळखलं. पुढं ह्याच आठ सुरांच्या चालीवर जगभरच्या पॉपवाल्यांनी आपापली घरं बांधली. त्यांनी पाया घेतला, कॅनन सोडून दिला. मला विचाराल तर खरा माल त्यांनी टाकून दिला, पण माझं कोण ऐकतंय.

गुरुजी, तुमचा दुसरा प्रश्न होता हा लेकरांचा खेळ आहे का. बाखनं १७४१ साली एका चालीवर ३० रूपं बांधली, गोल्डबर्ग म्हणतात त्यांना. त्यात शेवटचं सोडून दर तिसरं रूप कॅनन. पहिल्या कॅननमध्ये मागचा त्याच सुरापासून उठतो. दुसऱ्यात एक सूर वरून, म्हणजे पुढच्यानं सा पासून म्हटलं तर मागचा तेच रे पासून. मग ग पासून. असं चढत चढत नवव्या सुरापर्यंत. नऊ कॅनन. त्यातल्या दोन ठिकाणी तर पुढचा वर गेला की मागचा तेवढाच खाली जातो, आरशात बघितल्यासारखं. आणि ऐकताना हे काही कळत नाही, नुसतं छान वाटतं. त्या पायपेटीवाल्या बाईंनी मला एकदा ह्यातलं एक हळूहळू वाजवून दाखवलं. दोन्ही हात एकमेकांच्या अंगावरून जात होते. मला मागचा सूर कधी सुरू झाला ते तिसऱ्या खेपेला कळलं.

अजून एक. आपण तबल्यावर ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे साधी, दुप्पट, चौपट लय, एकामागून एक करतो. तिकडं तीच ओळ एकाच वेळी वेगवेगळ्या लयीत गायचा कॅनन पंधराव्या शतकातही होता, ओकेगेम नावाच्या रचनाकारानं सगळी प्रार्थनासभाच तशी बांधली. एस्टोनियाच्या आर्वो पेर्टनं १९७७ मधे त्यावर एक काम केलं. वरून खाली उतरणारं साधं सप्तक. वरची व्हायोलिनं एका लयीत, त्याखालची निम्म्या लयीत, त्याखालची त्याच्या निम्म्या, असं पाच पायऱ्या. सगळे तोच जिना उतरतात, पण खर्जातला एकेक पायरीवर सोळापट थांबतो. मधे एक घंटा वाजत राहते. सहा-सात मिनिटांचं आहे. दुकानात लावलं होतं, भाता शिवायचा राहिला.

आता उपाय. तुम्हाला नि-सा आणि म-प ची भांडणं नकोत, मग ते सूरच नका घेऊ. भूप राग घ्या. सा रे ग प ध, कुठंच दोन सूर खेटून नाहीत. दुर्गाबी चालंल, सा रे म प ध. ह्या पाच सुरांत काहीही कशावरही पडलं तरी टोचतं थोडं, पण रक्त काढत नाही. फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर सा, ग, प ह्यांच्याशिवाय कुणाला उभं करू नका. आठ मात्रांची ओळ, समेवरूनच उठणारी. ही बघा, रात्री जेवताना सुचली, शब्दांना हसू नका:

सा सा रे ग | सा रे सा सा
मां ज रे ला | आ ला पू र

ग ग प प | ग प ग ग
शे ता म धी | डो लं तू र

प ध प ग | प ध प प
आ भा ळा चा | वा जं ढो ल

सा – प़ – | सा प़ सा –
धिन् – ना – | धिन् ना धिन् –

दुसरा गट पहिल्याची एक ओळ झाली की उठणार. चौथी ओळ सगळ्यात सोपी ठेवलीय, कारण तिथं पोचेपर्यंत लेकरं दमलेली असतात, आणि तीच खालून सगळ्यांना धरून ठेवते. ओढलं जाण्याचं म्हणाल तर आधी आठ दिवस सगळ्यांनी एकत्रच गा, झोपेत म्हणता येईपर्यंत. ज्याला चाल आठवून म्हणावी लागते तो शेजाऱ्याच्या ताटात बघतो.

पाथरी_संस्कृत

मी पाथरीला संस्कृत शिकवते. संगीतातलं फार कळत नाही, पण ह्या चर्चेत आमच्या गावाचं एक नाव घातल्याशिवाय राहवत नाही.

बाखच्याच ‘म्युझिकल ऑफरिंग’ ह्या संग्रहात एक खेकडा-कॅनन आहे. १७४७ च्या मे महिन्यात तो पोट्सडॅमला प्रशियाच्या राजा फ्रेडरिककडे गेला, राजानं त्याला एक सुरावट दिली, तिच्यावरून घरी येऊन त्यानं हा संग्रह बांधला. खेकड्यात एकच ओळ लिहिलेली असते. एक वादक ती पहिल्यापासून वाजवतो, दुसरा त्याच वेळी शेवटापासून उलटी. दोघं मधे भेटतात आणि एकमेकांच्या सुरुवातीला जाऊन थांबतात. काही कॅनन त्यानं कोड्यासारखे अर्धवटच लिहिले, दुसऱ्यानं कुठून उठायचं तेच सांगितलं नाही. एकावर लॅटिनमध्ये लिहिलं, शोधा म्हणजे सापडेल.

आता आमच्याकडचं. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपुरात दैवज्ञ सूर्य पंडित होऊन गेले. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असं अभ्यासक मानतात. वडील ज्ञानराज ज्योतिषी, हे स्वतः गणिती, भास्कराचार्यांच्या लीलावती ह्या गणितग्रंथावर टीका, म्हणजे स्पष्टीकरण, लिहिलेले. त्यांचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ आहे. श्लोक सुलट वाचला तर रामाचा, अक्षरं उलट्या क्रमानं वाचली तर कृष्णाचा. पहिलाच घ्या:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वन्दे यतो भव्यभवं दयाश्रीः

आता शेवटच्या ‘श्रीः’ पासून मागं या:

श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्

इकडे सीतेला सोडवणारा, तिकडे यादव. मी आठवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग बोट लावून एकेक अक्षर मोजतात. फरक आहेच. श्लोक एका वेळी एकाच बाजूनं वाचायचा, बाखचे दोघं एकदम वाजवतात. पण लिहिणाऱ्याच्या डोक्याला ताप तोच. पुढचं अक्षर ठेवताना ते मागून येताना काय करील हे आधी बघायचं.

गुरुजींसाठी एक कामाची गोष्ट. इंग्लंडात तेराव्या शतकातल्या एका राउंडचं हस्तलिखित आहे, रेडिंगच्या मठातलं, आता ब्रिटिश लायब्ररीत. उन्हाळा आला, कोकिळे गा, असं गाणं. वरचे चौघं एकामागून एक उठतात, खाली दोघं एकच छोटी ओळ घोळत राहतात. त्या पानावर दुसऱ्यानं कधी उठायचं ते दाखवायला पहिल्या ओळीच्या शेवटी क्रूसाची खूण केलेली आहे. तुम्हीही फळ्यावर गाणं लिहा आणि ‘पूर’च्या पुढं लाल खडूनं फुली मारा. लेकरांना ‘एक ओळ झाली की’ असं सांगितलं तर ती तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. फुलीकडे बघतील.

आणि पेटीवाले काका, राग मानू नका, पण मांजरेला पूर आल्यावर शेतात तूर डोलत नाही. सडते.

पेटीवाला_अंबाजोगाई

ताई, मान्य. कोरडवाहू माणूस आहे, पुराचा अनुभव कमी. मग असं घ्या:

मांजरेला आलं पाणी
बांधावरी गाती कोणी

अक्षरं आठच राहतात, चालीला धक्का नाही. विलोमकाव्य मला माहीत नव्हतं. पाथरीवरून शंभरदा गेलोय.

औसा_जिप_गुरुजी

मंडळी, तीन आठवडे झाले, सांगायला आलो.

पहिला आठवडा सगळ्यांनी एकत्र. परिपाठाला, मधल्या सुट्टीत, हात धुवायच्या रांगेत. आठव्या दिवशी दोन गट केले आणि दुसरा गट लगेच ओढला गेला. मग एक युक्ती लागू पडली. वऱ्हांड्याला आमच्या चार खांब आहेत. एकेका खांबाला एकेक गट, तोंडं खांबाकडं, पाठी एकमेकांकडं. खांबाला चिकटवलेल्या कागदावर गाणं आणि लाल फुली. प्रत्येक गटात एक न हलणारं लेकरू शोधलं. हुशार लेकरं कामाची नाहीत, ती दुसऱ्याचं ऐकून दुरुस्त व्हायला जातात. तिसऱ्या गटात एक पोरगी आहे, तिला बाजूला फटाके वाजले तरी ती आपलंच म्हणते. वर्गात ह्याच गुणावरून मी तिला रोज बोलत होतो.

काका, तुमच्या दुसऱ्या ओळीच्या ‘ग प ग ग’ वर आणि तिसरीच्या ‘प ध प प’ वर आमची लेकरं जोर धरायलीत, आवडायलंय त्यांना. पहिल्या ओळीचा ‘रे’ मात्र चारही गट आले की बुडतो. पेटीवर मी फक्त सा-प धरतो, बाकी काही वाजवत नाही. वाजवायला गेलो की मीच ओढला जातो.

टाळ्यांचं सहावीला दिलंय. १२ चा ठेका जमला, सरकणं अजून नाही. सरकायच्या जागी सगळे हसतात.

काल पहिल्यांदा चारही गट तीन आवर्तनं न मोडता गेले. शेवटी एकेक गट ओळीनं गळत गेला आणि एकट्या चौथ्या खांबापाशी ‘धिन् ना धिन्’ राहिलं. स्वयंपाकाच्या मावशी खिचडीचं पातेलं तसंच हातात धरून दारात उभ्या होत्या.

शब्दांचं मात्र ऐकेनात. ‘बांधावरी गाती कोणी’ फळ्यावर लिहिलं, समजावून सांगितलं, पूर आल्यावर तुरीचं काय होतं तेही सांगितलं. ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी ३१ च्या ३१ ‘शेतामधी डोलं तूर’च म्हणायलेत. विचारलं तर ती तिसऱ्या खांबाची पोरगी म्हणाली, “सर, गाण्यातली हाय, तिला काय होतंय.”